टर्बोच्या कोटिंगसाठी प्लॉट विकावा का?

प्रश्न : माझं कोल्हापुरात, शिरोली भागात चारचाकीचं गॅरेज आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. टर्बो गाड्यांच्या मॅनिफोल्डला (इंजिनाचा धूर गोळा करणारा भाग) आणि टर्बाइन हाउसिंगला (त्या धुराने फिरणाऱ्या टर्बाइनचं कवच) सिरॅमिक कोटिंग करून द्यायचा धंदा टाकायचा, असं त्याने डोक्यात घेतलंय. डिग्री नको, ब्लास्टिंग मशीन (कणांच्या माऱ्याने धातू साफ करणारं) आणि ओव्हन घेऊन द्या म्हणतो. त्यासाठी गावाकडचा प्लॉट काढावा लागेल. यात काही भविष्य आहे का? (एक वडील)

उत्तर : प्लॉट आत्ता काढू नका. पण मुलाला वेड्यातही काढू नका, कारण विषय त्याने चांगला हेरलाय. गाडी चमकवायला वॉशिंग सेंटरवाले जे 'सिरॅमिक' लावतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे नातेवाइकांना तुम्हालाच समजवावं लागेल.

तुम्ही रोज टर्बो उघडता, त्यामुळे उष्णतेचं तुम्हाला सांगायला नको. डिझेलमध्ये टर्बाइनकडे येणारा धूर साधारण 750 ते 850 अंशांवर असतो, पेट्रोल टर्बोत तो 950 ते 1050 पर्यंत जातो. ही उष्णता धुरातच राहिली तर टर्बाइनला जास्त ऊर्जा मिळते आणि बॉनेटखालचे होज, वायरिंग भाजत नाहीत. म्हणून झिर्कोनियाचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिकचा थर द्यायचा. हे तंत्र जुनं आहे. 1960च्या दशकात एक्स-15 या अमेरिकी रॉकेट विमानाच्या इंजिनात असा थर वापरला होता. गाड्यांच्या एक्झॉस्टवर प्लाझ्माने (अतितप्त वायूच्या झोतात पूड वितळवून) तो देणारी इंग्लंडमधली झिरकोटेक ही कंपनी तिथल्या हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रातून बाहेर पडलेली.

आता खरी मेख. नुसतं बाहेरून कोटिंग केलं की उष्णता आत कोंडते आणि बीडाचं (कास्ट आयर्नचं) हाउसिंग आधीपेक्षा जास्त तापतं. आधीच बारीक चीर असेल तर ती वाढते. आतून करावं, तर मॅनिफोल्डमधला एखादा पोपडा सुटून थेट टर्बाइन व्हीलवर जातो, आणि ते व्हील मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतं. पुढे काय होतं, ते तुम्ही स्क्रॅपच्या डब्यात बघितलं असेलच.

मुलाला एक प्रश्न विचारा : तेच कोटिंग बीडावर टिकतं आणि टर्बोनंतरच्या स्टेनलेसच्या धुराच्या पाइपवरून (डाउनपाइप) लवकर का निघतं? झिर्कोनिया तापल्यावर दर अंशाला लांबीच्या दहा लाखाव्या भागाच्या दहा-अकरा पट वाढतो. बीडाचा आकडा त्याच्या आसपासच आहे, स्टेनलेसचा मात्र सतरा-अठरा. म्हणून मध्ये निकेल-क्रोमच्या मिश्रधातूचा बाँड कोट, म्हणजे धरून ठेवणारा थर लागतो. आणि शुद्ध झिर्कोनिया चालत नाही. साधारण 1170 अंशांच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते, थंड होताना तो फुगतो आणि तडकतो. तो सांभाळायला सात-आठ टक्के यिट्रिया (यिट्रियम धातूचं ऑक्साइड) घालतात. यातलं निम्मं जरी मुलाने स्वतःहून सांगितलं, तर त्याचं वेड खरं आहे असं समजा. 'यूट्यूबवर बघितलं' एवढंच उत्तर आलं, तर मशीनला इतक्यात हात घालू नका.

कारण स्प्रे मारणं हे या कामातलं सोपं काम. कोटिंग सुटतं ते बहुतेक तयारीत कसर राहिली म्हणून. जुन्या बीडात तेल मुरलेलं असतं. ते आधी ओव्हनमध्ये जाळून काढावं लागतं, मग अॅल्युमिना ग्रिटने ब्लास्टिंग, त्यानंतर जॉबला उघडा हात लावायचा नाही. फ्लँजचे फेस, स्टडचे आटे, वेस्टगेटचा (जादा धूर सोडणाऱ्या झडपेचा) बुश मास्क करायचे, नाहीतर परत बसवताना तुमच्याच गॅरेजमध्ये शिव्या पडणार. बाजारात मिळणारे सिलिकॉन बाइंडरचे पातळ कोट गनने मारून ओव्हनमध्ये पकवतात. ते स्वस्त पडतात, पण प्लाझ्माच्या थराइतकी उष्णता ते अडवत नाहीत. मुलगा जे मशीन मागतोय, ते या पातळ कोटच्या प्रकाराचं आहे.

धंद्याचं स्पष्टच सांगतो. गाडी बनवणाऱ्या कंपन्या बहुधा चांगला मिश्रधातू आणि पत्र्याचं हीट शील्ड वापरून भागवतात, कोटिंगच्या भानगडीत पडत नाहीत. राहतात रेसिंगवाले आणि हौशी ट्यूनिंगवाले. त्यातही रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. इलेक्ट्रिक गाडीला तर एक्झॉस्टच नाही. एका जिल्ह्याच्या गिऱ्हाइकावर ओव्हनचा हप्ता निघणार नाही, असं माझं मत आहे.

पण प्लाझ्माने थर देण्याचं हेच तंत्र, म्हणजे थर्मल स्प्रे, गॅस टर्बाइनच्या पात्यांवर, पंपाच्या स्लीव्हवर, घासलेल्या शाफ्टवर चालतं. कारखान्यांच्या भाषेत 'मेटलायझिंग'. म्हणून मी मुलाला आधी एक वर्ष चांगल्या थर्मल स्प्रे किंवा सरफेस कोटिंगच्या कारखान्यात पाठवीन. डिप्लोमावाल्यांना नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीममधून स्टायपेंडवर वर्षभर काम मिळू शकतं. पुणे-चाकण पट्ट्यात शोधा. मात्र जिथे वाळूने उघड्यावर ब्लास्टिंग होतं आणि पोरं तोंडाला रुमाल बांधून उभी असतात, तिथे बिनपगारी तर नाहीच, पगारावरही पाठवू नका. सिलिकॉसिस (वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) बरा होत नाही.

त्यानंतर थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री, आणि शक्यतो मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत हा विभाग आहे. आपण लेप शिकतोय असं मुलाला वाटतं, पण शिकायचा आहे तो लेपाखालचा धातू. ते त्याला मेटलर्जीत मिळेल, मेकॅनिकलमध्ये जेमतेम एक-दोन विषय. पुढे आवड टिकलीच तर गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा मेटलर्जीचा पेपर देऊन आयआयटी मुंबई आहे, आणि संशोधनाकडे वळला तर हैदराबादची एआरसीआय ही संशोधन संस्था, जिथे कोटिंगवरच मोठं काम चालतं.

कॅप राउंडचा (सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीचा) फॉर्म भरताना मेकॅनिकल डिप्लोमावाल्याला शाखा बदलण्याबाबत त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत काय लिहिलंय, ते एजंटला न विचारता स्वतः वाचा. मेटलर्जी नाही मिळाली तर मेकॅनिकल घेऊ द्या, गेटला शाखेची आडकाठी नाही. आणि दरम्यान तुमच्याकडचं एक तडकलेलं मॅनिफोल्ड भंगारात न देता त्याला द्या. चीर नेमकी कुठून सुरू झाली आणि तिथेच का, हे त्याने तुम्हाला दाखवावं.