प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : अकरा चौकोनांची गोधडी कशी मांडावी?

प्रश्न : मी गोधडीसाठी १२ इंचांचे अकरा चौकोन शिवून पूर्ण केले आहेत. बारावा करायला त्याच छापाचे कापड उरलेले नाही आणि दुसऱ्या कापडाचा चौकोन त्यांच्यात उपरा दिसतो. तीन-तीनच्या ओळी लावल्या की शेवटच्या ओळीत दोनच राहतात. एक बाजूला काढून दहा वापरावेत तर दोन बाय पाच अशी लांबुडकी पट्टी होते. अकरापैकी एकही न वगळता देखणी मांडणी करता येईल का?

उत्तर : येईल, आणि एकाहून अधिक प्रकारे येईल. गोधडीतली प्रत्येक जागा नक्षीच्याच चौकोनाने भरायची असे आपण मनाशी धरून चालतो, आणि म्हणून ७, ११, १३, १७ अशा कशानेही भाग न जाणाऱ्या संख्या समोर आल्या की हात थबकतो. कोऱ्या कापडाचा तुकडासुद्धा मांडणीतला एक घटक म्हणून मोजायला सुरुवात केली, की या संख्यांचा जाच संपतो.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती तीन उभ्या रांगांच्या मांडणीला आहे. डावीकडच्या रांगेत चार चौकोन, मधल्या रांगेत तीन आणि उजवीकडे पुन्हा चार, अशी ती मांडणी आहे. बाजूच्या रांगांची उंची ४८ इंच होते. मधली रांग ३६ इंचांची असल्यामुळे तिच्या वरच्या टोकाला ६ इंच आणि खालच्या टोकाला ६ इंच कोरे कापड लावायचे. मधले चौकोन त्यामुळे अर्ध्या चौकोनाने खाली सरकतात आणि बाजूच्या दोन चौकोनांचा सांधा मधल्या चौकोनाच्या बरोबर मध्यावर येतो. विटांच्या भिंतीत सांधे जसे एकाआड एक पडतात, तसेच हे दिसते. पूर्ण माप ३६ बाय ४८ इंच, म्हणजे बारा चौकोनांची गोधडी जेवढी झाली असती नेमके तेवढेच. तुमचा न झालेला बारावा चौकोन दोन अर्ध्यांत विभागला जाऊन गोधडीत जागा धरून असतो, एवढाच काय तो फरक.

ही युक्ती फक्त अकरासाठी नाही. चौकोनांच्या संख्येला तीनने भागून पाहावे. बाकी एक उरली तर मधल्या रांगेत एक चौकोन जास्त ठेवायचा : सातासाठी २-३-२, तेरासाठी ४-५-४. बाकी दोन उरली तर बाजूच्या दोन्ही रांगांत एकेक जास्त : पाचासाठी २-१-२, अकरासाठी ४-३-४, सतरासाठी ६-५-६. बाकी शून्य आली तर मुळात अडचणच नव्हती.

कोरे तुकडे कापताना मात्र एका ठिकाणी हमखास चूक होते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. शिवणीसाठी चारही बाजूंना पाव इंच माया धरली, तर १२ इंचांचा चौकोन जोडणीपूर्वी साडेबारा इंचांचा असतो. मी सरळ त्या साडेबाराचे अर्धे केले आणि सव्वासहा इंचांचे दोन तुकडे कापले. रांग शिवून झाली तेव्हा ती शेजारच्या रांगेपेक्षा अर्धा इंच आखूड भरली. अर्धा इंच ताणून बसवू म्हटले, तर मधली रांग खेचली गेली आणि शेजारच्या रांगेला चुण्या पडल्या. शेवटी सगळे उसवावे लागले. म्हणून अर्धे करायचे ते शिवून झाल्यावर दिसणाऱ्या मापाचे, आणि माया त्यानंतर मिळवायची : बाराचे अर्धे ६, अधिक दोन्ही बाजूंची माया अर्धा इंच, म्हणजे तुकडा साडेसहा इंच रुंद आणि साडेबारा इंच लांब.

चौकोनांच्या मधून पट्ट्या घालायच्या असतील तर हिशेब थोडा बदलतो, पण मांडणी अधिक मोकळी दिसते. तुमच्या चौकोनांची नक्षी भरगच्च असेल तर पट्ट्या जरूर घालाव्यात. समजा, पट्टी ३ इंचांची आहे. चारच्या रांगेत तीन पट्ट्या येतात आणि उंची ५७ इंच होते. तीनच्या रांगेत दोनच पट्ट्या येतात आणि उंची ४२ इंच होते. फरक १५ इंचांचा, म्हणून मधल्या रांगेच्या दोन्ही टोकांना साडेसात इंचांचा एकेक तुकडा लागेल आणि तो ८ इंच रुंद कापावा लागेल. तो पट्टीच्याच कापडाचा घेतला तर जोड दिसत नाही आणि मधले तीन चौकोन तरंगत असल्यासारखे वाटतात. रांगांच्या मध्ये दोन उभ्या पट्ट्या धरून माप ४२ बाय ५७ इंच होते. चहूबाजूंनी ६ इंचांचा काठ लावला की ५४ बाय ६९. एका माणसाच्या अंगावर घ्यायला एवढे पुरे. उभ्या पट्ट्या कापण्यापूर्वी तीनही रांगांची उंची प्रत्यक्ष मोजावी आणि तिन्हींच्या सरासरीइतक्या पट्ट्या कापाव्यात, कारण कागदावरच्या ५७ इंचांशी शिवलेली रांग क्वचितच तंतोतंत जुळते. मग पट्टी आणि रांग दोन्हींचे मध्य टाचणीने जुळवून टोकांकडे टाचत जावे.

अकरा चौकोनांत एखादा तुमचा विशेष आवडता असेल, तर दुसरी मांडणी करून पाहा. तेच साडेसहा इंचांचे दोन तुकडे मधल्या रांगेच्या टोकांना न लावता त्या रांगेतल्या मधल्या चौकोनाच्या वर आणि खाली लावायचे. चारही कोपरे आणि चारही कडा नक्षीने भरून निघतात, आवडता चौकोन मध्यभागी एकटा, थोडी मोकळीक घेऊन बसतो आणि उरलेले दहा त्याच्याभोवती कडे करतात. माप पूर्वीचेच, कापडही पूर्वीचेच. दोन्ही मांडण्या जमिनीवर पसरून पाहायला पाच मिनिटे लागतात, तेव्हा मशीनपाशी बसण्याआधी तेवढे अवश्य करावे.

आणखी एक मार्ग बुद्धिबळाच्या पटासारखा, नक्षीचा चौकोन आणि कोरा चौकोन एकाआड एक ठेवण्याचा. तीन बाय सात अशा २१ घरांच्या पटावर ११ नक्षीचे आणि १० कोरे बसतात आणि चारही कोपऱ्यांत नक्षी येते. हिशेब सुरेख जुळतो; पण ३६ बाय ८४ इंचांची ही गोधडी फार अरुंद होते आणि तिला दोन्ही लांब बाजूंनी १२ इंचांचे काठ लावावे लागतात. मला स्वतःला ती मांडणी काठांच्या जिवावर उभी असल्यासारखी वाटते.

प्रश्न : माझ्याकडे १२ इंचांचे तेरा चौकोन आहेत आणि मला चौरस गोधडी हवी आहे. चौकोन तिरके, म्हणजे टोकावर उभे करून बसवले तर तेरा बरोबर बसतात असे एका मैत्रिणीने सांगितले. हे खरे आहे का, आणि कडेला उरणारे त्रिकोण कोणत्या मापाने कापावेत?

उत्तर : मैत्रिणीचे म्हणणे खरे आहे. तीन-तीनच्या तीन ओळी तिरक्या मांडल्या की त्यांच्या खाचांत दोन-दोनच्या दोन ओळी बसतात. नऊ आणि चार मिळून तेरा होतात. तिरका चौकोन आपल्या कर्णाएवढी जागा अडवतो आणि कर्ण बाजूच्या १.४१४ पट असतो. १२ इंचांच्या चौकोनाचा कर्ण जवळजवळ १७ इंच, तेव्हा तीन कर्णांची गोधडी ५१ बाय ५१ इंचांची होईल. (अकरावाल्या वाचकांनाही हे करता येते, कारण दोन-दोनच्या चार ओळी आणि त्यांच्यामधले तीन मिळून अकरा होतात, पण ती ३४ बाय ६८ इंच होते.)

कडेला आठ मोठे त्रिकोण आणि कोपऱ्यांना चार लहान त्रिकोण लागतात, आणि ते दोन वेगळ्या रीतींनी कापायचे असतात. मोठ्या त्रिकोणांसाठी चौकोनाच्या तयार मापाला १.४१४ ने गुणून त्यात सव्वा इंच मिळवावे. १२ इंचांसाठी हे माप सव्वाअठरा इंच येते. त्या मापाचा चौरस दोन्ही कर्णांवर कापला की चार त्रिकोण मिळतात, म्हणजे असे दोन चौरस पुरतात. लहान त्रिकोणांसाठी तयार मापाला १.४१४ ने भागून त्यात ७ सूत मिळवावे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे माप ९ इंच ३ सूत येते, आणि असे दोन चौरस प्रत्येकी एकाच कर्णावर कापायचे.

एका रीतीने सगळे कापून का चालत नाही, असे वाटू शकते. कापड उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने फारसे ताणत नाही आणि उरेब, म्हणजे धाग्यांना तिरक्या, दिशेने भरपूर ताणते. वरच्या दोन रीतींनी कापल्यावर प्रत्येक त्रिकोणाची जी बाजू गोधडीच्या बाहेरच्या कडेला येते, ती सरळ धाग्यावर असते आणि उरेब बाजू आत, शिवणीत दडते. उलट झाले तर गोधडीची कड हाताळता हाताळता सैल होत जाते आणि काठ लावल्यावर ती लाटांसारखी हलते. इस्त्री कितीही फिरवली तरी ती लाट जात नाही. कापताना प्रत्येक चौरस पाव-अर्धा इंच मोठा घेऊन शेवटी कडा छाटणे अधिक सुखाचे. छाटताना चौकोनांच्या टोकांबाहेर पाव इंच माया ठेवायला मात्र विसरू नये, नाहीतर काठ जोडताना टोके शिवणीत जातात.

जोडणी तिरक्या ओळींनीच करायची : एक, तीन, पाच, तीन, एक. पाचाच्या ओळीच्या दोन्ही टोकांना कोपऱ्याचे लहान त्रिकोण, बाकी ओळींच्या टोकांना मोठे, आणि उरलेले दोन कोपरे सर्वांत शेवटी.

एक इशारा मात्र द्यायला हवा. तुमच्या चौकोनांत घर, झाड, पक्षी असे काही उभे चित्र असेल तर तिरक्या मांडणीत ते कलंडेल. तशा वेळी पाच बाय पाचच्या पटावर १३ नक्षीचे आणि १२ कोरे चौकोन एकाआड एक लावावेत. नक्षी चारही कोपऱ्यांत आणि ठीक मध्यभागी येते, माप ६० बाय ६० इंच होते, आणि ४२ इंच वापरता येईल अशा पन्ह्यातून एका पट्टीत तीन याप्रमाणे बारा कोरे चौकोन ५० इंचांत निघतात. दीड मीटर कापड घेतले की वाकडे कापले गेले तरी भागते. कोऱ्या चौकोनांवर धावदोरा उठून दिसतो, त्यामुळे हाताने शिवणाऱ्यांना हीच मांडणी अधिक भावेल असे वाटते.

प्रश्न : पंधरा चौकोन आहेत, तीन बाय पाच सरळ बसतात, पण त्यांतला एकच गडद लाल आहे. कुठेही ठेवला तरी नजर तिथेच जाते.

उत्तर : तीन बाय पाचच्या मांडणीला नेमका मध्य असतो, आणि त्या जागी ठेवलेला लाल चौकोन सगळी गोधडी स्वतःची करून टाकतो. तसे हवे असेल तर खुशाल ठेवा. नको असेल तर तो मध्यापासून एक घर वर आणि एक घर बाजूला सरकवा. अगदी कोपऱ्यात मात्र ठेवू नका, तिथे तो गळून पडल्यासारखा दिसतो. खरा उपाय मात्र जागेपेक्षा जोडीत आहे. त्या लालाला सोबत द्यावी : चौकोनांमधून पट्ट्या घातल्या तर पट्ट्या एकमेकींना छेदतात अशा आठ जागा तयार होतात, त्यांपैकी तीन-चार ठिकाणी त्याच लालाचे छोटे चौरस बसवावेत किंवा गोधडीच्या कडेला त्याच रंगाचा गोट लावावा. मांडणी पसरल्यावर तिचा फोनवर काळापांढरा फोटो काढून पाहावा. रंग निघून गेले की गडद आणि फिक्या चौकोनांची वाटणी कुठे एका बाजूला झुकली आहे ते लगेच कळते.

प्रश्न : जमिनीवर छान जमलेली मांडणी मशीनपर्यंत नेताना दरवेळी बिघडते.

उत्तर : उचलण्याआधी फोटो काढावा. मग प्रत्येक चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात रांगेचा आणि जागेचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाचणीने लावावी. चिठ्ठी नेहमी त्याच कोपऱ्यात असली की चौकोन फिरला तर लगेच लक्षात येते. एका वेळी एकच रांग उचलून, शिवून, परत जमिनीवर तिच्या जागी ठेवल्यानंतरच दुसरीला हात लावावा. ४-३-४ च्या मांडणीत मधल्या रांगेच्या कोऱ्या तुकड्यांनाही चिठ्ठ्या लावाव्यात, कारण नेमके तेच शिवायचे राहून जातात.