ल्वारच्या काठचे महाल, राने आणि सायकलवाटा : वाचकांचे प्रश्न

फ्रान्सच्या ग्रामीण भागात स्वतंत्रपणे फिरू इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांपैकी ज्यांचा रोख ल्वार नदीच्या मधल्या खोऱ्याकडे आहे, अशी पाच पत्रे या वेळी निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. सप्टेंबरमध्ये पॅरिसला जाऊ, तेव्हा एका दिवसात तीन महाल दाखवणाऱ्या बससहलीऐवजी चार दिवस त्याच भागात राहावे असे वाटते. मुक्काम कुठे करावा आणि किती महाल पाहावेत? (पुणे)

उत्तर : बससहल टाळण्याचा तुमचा विचार योग्य आहे, आणि त्याचे कारण केवळ दगदग हे नाही. या खोऱ्यातला महाल, त्याच्याभोवतीचे शिकारीचे रान आणि त्याच्या बांधकामाचे सामान वाहून आणणारी नदी यांचा इतिहास एकच आहे. बसमधून उतरून थेट तिकीटखिडकीशी पोहोचणाऱ्या प्रवाशाला त्यातला महाल तेवढा दिसतो. मधली भूमी काचेपलीकडून निघून जाते. म्हणून चार दिवसांत तीन, फार तर चार महाल पाहावेत आणि उरलेला वेळ त्यांच्यामधल्या वाटांना द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मुक्कामासाठी ब्ल्वा हे गाव निवडावे. पॅरिसच्या ऑस्टर्लिट्झ स्थानकावरून रेल्वेने तिथे साधारण दीड तासात पोहोचता येते. गावातच राजवाडा आहे; १५८८ च्या डिसेंबरात तिसऱ्या आंरी राजाच्या आज्ञेवरून गीझचा ड्यूक या बलाढ्य सरदाराची हत्या झाली ती याच वाड्यात. पहिला दिवस त्याला पुरेसा आहे.

दुसऱ्या दिवशी शांबोर. मोटाररस्त्याने जाऊ नये. नदीच्या डाव्या तीराने सँ-द्ये या खेड्यापर्यंत जाऊन तिथून दक्षिणेकडे वळावे. सायकलने हे अंतर सुमारे वीस किलोमीटर भरते आणि बहुतेक सपाट आहे. भाड्याने विजेवर चालणाऱ्या सायकली मिळतात, त्यामुळे वयाची काळजी करू नये. सँ-द्ये हे शांबोरचे बंदर होते. महालाचा दगड आणि इतर सामान नावांतून इथे उतरवले जाई व पुढे गाड्यांतून नेले जाई. हे खेडे पाहून मग महालासमोर उभे राहिले, की एवढी अवाढव्य वास्तू सपाट, पाणथळ रानाच्या मध्यभागी कशी उभी राहिली असेल याचा अंदाज येतो.

पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९ मध्ये शांबोरचे काम सुरू करवले. चारशेहून अधिक दालने असलेल्या या वास्तूत राजा आपल्या सगळ्या कारकिर्दीत मोजके आठवडेच राहिला, कारण ते राहण्याचे घर नव्हतेच. शिकारीसाठी आणि परदेशी पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी ते बांधले होते. मध्यभागीचा जिना म्हणजे एकमेकांभोवती गुंफलेले दोन वळणदार जिने आहेत. एकाने चढणारा माणूस दुसऱ्याने उतरणाऱ्याला मधल्या झरोक्यांतून पाहू शकतो, पण वाटेत त्याची गाठ पडत नाही. ही कल्पना लिओनार्दो दा विंचीची असावी असे मानले जाते. तो जवळच्या आँब्वाझ गावी राजाच्या आश्रयास होता आणि काम सुरू होण्याच्या काही महिने आधी, मे १५१९ मध्ये, तिथेच वारला. लेखी पुरावा मात्र नाही. माझ्या मते शांबोरमधली सर्वांत महत्त्वाची जागा जिना नसून वरची गच्ची आहे. शिकारीची पथके निघताना आणि परतताना दरबारी मंडळी तिथून पाहत असत, आणि ते रान आजही त्याच जागेवरून दिसते. गच्चीवर किमान एक तास काढावा.

तिसऱ्या दिवशी रुसीच्या अरण्यातून शव्हेर्नीला जावे. हा महाल एका घराण्याच्या खाजगी मालकीचा असून १९२२ पासून लोकांसाठी खुला आहे, आणि आतले सामानसुमान इतके शाबूत असलेले घर या भागात दुसरे क्वचितच सापडेल. चौथ्या दिवशी सायकल ठेवून द्यावी आणि तूर शहरात गाडी बदलून रेल्वेने शेनाँसोला जावे. तिथले स्थानक महालाच्या प्रवेशद्वारापासून अगदी जवळ आहे. शेर नदीवरचा पूल दुसऱ्या आंरी राजाची प्रेयसी दियान द प्वातिए हिने बांधवला आणि त्यावरचे सुमारे साठ मीटर लांबीचे दालन नंतर त्याच राजाची राणी कॅथरीन दे मेदिची हिने उभारले. पहिल्या महायुद्धात या दालनात जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी ही जर्मनव्याप्त आणि अव्याप्त फ्रान्समधली सीमारेषा ठरली, तेव्हा दालनाचे दक्षिणेकडचे दार अव्याप्त भागात उघडत होते. त्या दारातून बाहेर पडून पलीकडच्या काठावर थोडे चालावे. बहुतेक प्रवासी दालनातूनच परत फिरतात.

तिकिटांविषयी एक सूचना : २०२६ पासून शांबोरसह काही राष्ट्रीय स्थळांवर युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रौढांना अधिक दर लागू झाला आहे. खर्चाचा अंदाज बांधताना जुन्या प्रवासवर्णनांतले आकडे धरू नयेत.

प्रश्न : आम्हांला ताडोबाच्या जंगलाची सवय आहे. शांबोरच्या अरण्यात प्राणी दिसतात का, आणि तिथे मोकळेपणाने फिरता येते का? (नागपूर)

उत्तर : प्राणी दिसतात, पण वाघाच्या प्रदेशातून येणाऱ्या माणसाने अपेक्षा बदलून जावे. शांबोरची जमीन ५,४४० हेक्टर आहे, म्हणजे पॅरिस शहराच्या साधारण निम्मी, आणि तिच्याभोवती बत्तीस किलोमीटर लांबीची दगडी भिंत आहे. आत लाल हरणे आणि रानडुकरे मोठ्या संख्येने आहेत. साधारण हजार हेक्टरांच्या भागात कोणालाही पायी किंवा सायकलने फिरता येते व तिथे निरीक्षणासाठी मचाणेही आहेत. उरलेला भाग बंद असून तिथे मार्गदर्शकासह वाहनातूनच जाता येते.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नर हरणांच्या माजाचा काळ असतो. पहाटे आणि सूर्यास्तानंतर त्यांचे खोल, घोगरे हंबरणे दूरवर ऐकू येते. त्यासाठी शांबोर गावातच एक रात्र राहावे लागले तरी राहावे, कारण दिवसाच्या गर्दीत हा अनुभव मिळणे शक्य नाही.

भिंतीबाहेर रुसी, बूलोन्य आणि ब्ल्वा ही सरकारी अरण्ये आहेत. तिथले ओक वृक्ष आपोआप वाढलेले नाहीत. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६९ मध्ये अरण्यांविषयी जी राजाज्ञा काढली, तिच्यामागे आरमाराला जहाजांसाठी लाकूड मिळत राहावे हा हेतू होता, आणि सरकारी रानांची शिस्तबद्ध निगा ठेवण्याची फ्रेंच परंपरा तिथून बळकट झाली. लावल्यापासून तोडीपर्यंत एका ओकला दीडशे-दोनशे वर्षे दिली जातात. आपण पाहतो ते झाड ज्याने राखले, त्याच्या पणतवंडांच्याही हयातीत ते कापले जात नाही, या धोरणाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

ब्ल्वाच्या दक्षिणेचा सोलोन्य हा तळ्यांचा आणि रानांचा प्रदेश मात्र बहुतांशी खाजगी मालकीचा आहे. शिकारीच्या हौसेने धनिकांनी तिथे उंच जाळीची कुंपणे घातली आणि वन्य प्राण्यांच्या वाटा अडल्या. त्यावर बरीच वर्षे वाद झाल्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये कायदा झाला. कुंपणाची उंची १.२० मीटरपेक्षा अधिक नसावी आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटर जागा मोकळी असावी, असे बंधन त्याने घातले. त्याच कायद्याने खाजगी रानात विनापरवाना शिरणे दंडनीयही ठरवले. म्हणून खुणा केलेली वाट सोडून आत जाऊ नये.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. वाटेवर शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर परत फिरावे. गवतातून चालल्यावर पायांना गोचीड चिकटली नाही ना, हे रोज संध्याकाळी तपासावे, कारण तिच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीला घेऊन सायकलने फिरणे सुरक्षित आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : होय, आणि मुलांसह सायकलप्रवास सुरू करण्यासाठी युरोपात याहून चांगली जागा मला सुचत नाही. ‘ल्वार आ व्हेलो’ हा मार्ग नेव्हेरजवळून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ९०० किलोमीटर जातो आणि अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या युरोपीय सायकलमार्गाचाही भाग आहे. तो सगळा स्वतंत्र नाही; काही ठिकाणी नदीच्या बांधावरची वेगळी वाट आहे, तर काही ठिकाणी तुरळक रहदारीचा गावरस्ता आहे. ब्ल्वा, शांबोर, शव्हेर्नी यांच्यामधल्या वाटांवर चौकाचौकांत क्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे चार-पाच क्रमांक कागदावर लिहून घेतले की नकाशाशिवाय निभावते. दिवसाला पंचवीस किलोमीटरच्या पुढे मुलीला नेऊ नये.

बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे, मोठ्यांनीही घालावे. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात हे मुलीला आधीच नीट समजावून सांगावे. खेड्यांत जिथे पाटी नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते, आणि आपल्याकडच्या सवयीमुळे हा नियम सहज विसरला जातो.

बहुतेक लोक नदीच्या प्रवाहासोबत पश्चिमेकडे जातात. वारा मात्र बहुधा पश्चिमेकडूनच वाहतो, म्हणून लहान मूल सोबत असताना तूरकडून ब्ल्वाकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने, येणे सोपे जाते. प्रादेशिक रेल्वेत सायकल नेता येते. उन्हाळ्यात ऑर्लेआँ ते नाँत या बाजूला जादा जागेच्या गाड्या असतात, तरी प्रत्येक गाडीचा नियम आदल्या दिवशी पाहून घ्यावा.

नदीत मुलीला मुळीच उतरू देऊ नये. उन्हाळ्यात ल्वार उथळ आणि शांत दिसते, पण तिच्या तळाची वाळू सरकते आणि ओढ फसवी आहे. वसंतापासून ऑगस्टपर्यंत वाळूच्या बेटांवर टर्न पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हा बेटांवर पाय ठेवू नये.

प्रश्न : सह्याद्रीतले दुर्ग पाहिलेल्याला हे महाल फार नाजूक वाटतील असे मित्र म्हणतात. खरे किल्ले तिथे आहेत का? (ठाणे)

उत्तर : आहेत, पण शांबोरमध्ये तटबंदी शोधू नये. तिथले बुरूज शोभेचे आहेत. लढाईसाठी बांधलेले काम पाहायचे असेल तर लोशला जावे. तिथला अकराव्या शतकातला चौकोनी बालेकिल्ला आजही सुमारे छत्तीस मीटर उंच उभा आहे, आणि त्याच्या भिंतींची जाडी पाहून दुर्गप्रेमी माणूस नक्कीच थबकेल. शिनाँचा किल्ला टेकडीच्या लांबट माथ्यावर पसरलेला असून १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क सातव्या शार्ल राजाला तिथेच भेटली. लाँझेचा किल्ला या दोन युगांच्या सांध्यावर आहे : गावाकडून उचलता पूल आणि गोल बुरूज, अंगणाकडून मात्र मोठ्या खिडक्यांचे राहते घर. तीनही ठिकाणे तूरहून दिवसाला एक याप्रमाणे पाहता येतात. राजगड चढलेल्याला या चढांचे काहीच वाटणार नाही.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. खेड्यांत जेवणाचे काय? (नाशिक)

उत्तर : थोडी तयारी हवी. खेड्यांतली उपाहारगृहे दुपारी साधारण बारा ते दोन एवढ्याच वेळात जेवण देतात. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी अनेक दुकाने बंद असतात. म्हणून सकाळीच पाव, फळे, टोमॅटो आणि दही घेऊन निघावे. सोलोन्यच्या लामोत-ब्यव्रों गावाचे नाव जिच्याशी जोडले जाते ती सफरचंदांची ‘तार्त तातँ’ अवश्य खावी, मात्र अंडे चालत नसेल तर आवरणाविषयी आधी विचारावे. या भागातले शेळीच्या दुधाचे चीज प्रसिद्ध आहे, पण पारंपरिक चीजमध्ये दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी चीज टाळावे, किंवा मोठ्या दुकानात वेष्टणावर वनस्पतिजन्य रेनेटचा उल्लेख पाहूनच घ्यावे. भाज्यांच्या सुपातही मांसाचा अर्क असू शकतो. आपण मांस, मासे आणि मांसाचा अर्क खात नाही, हे फ्रेंचमध्ये लिहिलेले कार्ड खिशात ठेवून मागवण्यापूर्वी दाखवावे.