एकच खेळाडू दोन वेगवेगळे खेळ व्यावसायिक पातळीवर खेळू शकतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, असे खेळाडू खरंच असतात का आणि आजकाल दिसत का नाहीत. दुसरी, तुमचा मुरुडचा भाचा नववीत आहे, कबड्डी आणि क्रिकेट दोन्ही बरं खेळतो, तर त्याने एक खेळ आत्ताच सोडावा का.

मी अलिबाग तालुक्यात शाळेत खेळ शिकवतो आणि हंगामात कबड्डीला पंच म्हणून उभा असतो. माझ्या मते अंगात कसब किती आहे हा प्रश्न नंतरचा. दोन्ही खेळांचे हंगाम एकमेकांवर येतात का आणि पैसे कोण देतं, यावर सगळं ठरतं.

इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन घ्या. उन्हाळ्यात मिडलसेक्सकडून क्रिकेट, हिवाळ्यात आर्सेनलकडून फुटबॉल. 1947 च्या एका मोसमात त्याने 3816 धावा आणि 18 शतकं केली. पुढे 1950 मध्ये आर्सेनलने एफए कप ही इंग्लंडमधली फुटबॉलची मोठी स्पर्धा जिंकली तेव्हाही तो संघात होता. त्या काळी क्रिकेट संपलं की फुटबॉल सुरू, मधल्या आठवड्यांची ओढाताण सोडली तर दोन्ही निभायचं. पण फुटबॉलमध्ये दुखावलेला गुडघा त्याला आयुष्यभर नडला, आणि शेवटी गुडघ्याची वाटीच काढावी लागली. अमेरिकेच्या बो जॅक्सनचंही तेच. बेसबॉलचा मोसम आटोपला की तो अमेरिकन फुटबॉलच्या संघात दाखल व्हायचा. दोन्ही खेळांच्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यांसाठी निवडला गेलेला तो एकमेव. जानेवारी 1991 मध्ये फुटबॉलच्या सामन्यात खुबा गेला. नंतर कृत्रिम खुबा बसवून तो बेसबॉल खेळला, फुटबॉल मात्र संपला.

आता हे दिसत नाही कारण मोसम लांबलेत. क्रिकेट बारमाही झालंय, फुटबॉलची लीग संपते न संपते तोच पुढची तयारी सुरू होते. एलिस पेरीने बराच काळ जमवलं. 2007 मध्ये सोळाव्या वर्षी ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही खेळांत पदार्पण, 2011 च्या फुटबॉल विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनविरुद्ध गोल. पण तिच्या फुटबॉल क्लबने आधी आमचा खेळ असा धोशा लावला, तेव्हा तिने क्लब बदलला आणि पुढे क्रिकेटच धरलं. आपल्याकडे एम. जे. गोपालन यांनी 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या हॉकीची संधी सोडून क्रिकेटचा इंग्लंड दौरा पकडला. त्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, आणि तिकडे ध्यानचंद यांच्या संघाने सुवर्ण आणलं.

(जाता जाता: एबी डिव्हिलियर्स हॉकी, रग्बी, पोहणं, बॅडमिंटन सगळ्यांत चॅम्पियन होता हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज पुढे पाठवू नका. यातलं बरंचसं खरं नाही असं त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय.)

आता आपल्याकडचं. रायगडात भातं कापून झाली, शेतं मोकळी झाली की दिवाळीपासून मे अखेरपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा आणि कबड्डीचे सामने एकाच वेळी चालतात. त्याच शनिवार-रविवारी, त्याच फ्लडलाइटखाली. गावोगावच्या प्रीमियर लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो, मालिकावीराला मोटरसायकल मिळते. 2024 मध्ये टेनिस बॉलची आयएसपीएल (इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग) सुरू झाल्यापासून तर पोरांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवर दिसण्याचं स्वप्न आहे. कबड्डीला 2014 पासून प्रो कबड्डी आहेच. म्हणजे पैसा दोन्हीकडे आला आणि तारखा तेवढ्याच राहिल्या.

माझ्या ओळखीतला एक चढाईपटू दोन्हीकडे खेळायचा. डाव्या पायावर जोर देऊन तो निदान रेषेकडे (चढाईत ओलांडावी लागते ती रेषा) झेपावायचा आणि तिथूनच उलट फिरायचा. क्रिकेटमध्ये उजव्या हाताने वेगवान टाकायचा, म्हणजे चेंडू सोडताना आपटणारा पायही डावाच. दुपारी मातीवर चढाया, रात्री चार-चार षटकं. त्याच्या त्या गुडघ्यावर सूज चढायची तेव्हा बंदरावरच्या मासळीच्या पेटीतला बर्फ फडक्यात बांधून आम्ही लावायचो, आणि अर्ध्या तासाने तो पुन्हा मैदानात. कुठला खेळ त्याला महाग पडला हे मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टरने विश्रांती सांगितली तेव्हा दोन्ही संघ म्हणत होते, आमचा सामना तेवढा खेळ.

एकाच वेळी दोन दगडांवर पाय ठेवण्यापेक्षा एकामागून एक खेळ बदलणारे जास्त यशस्वी झालेत. युझवेंद्र चहल बारा वर्षांखालील बुद्धिबळाचा राष्ट्रीय विजेता होता, पण खर्च पेलणारा प्रायोजक मिळेना म्हणून तो क्रिकेटकडे वळला. ॲश्ली बार्टी 2014 मध्ये टेनिसला कंटाळून बाजूला झाली, ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळली, परत आली आणि 2019 मध्ये फ्रेंच ओपन जिंकली. ब्रिटनची रेबेका रोमेरो 2004 ला रोइंगमध्ये रौप्य आणि 2008 ला सायकलिंगमध्ये सुवर्ण घेऊन गेली. तिथे दम आणि मांड्यांची ताकद जशीच्या तशी कामाला येते. बास्केटबॉलच्या मायकेल जॉर्डनला मात्र 1994 मध्ये बेसबॉलच्या दुय्यम संघात 0.202 च्या पुढे सरासरी नेता आली नाही, म्हणजे साधारण पाचातला एकच प्रयत्न यशस्वी. उडी मारता येणं वेगळं, येणारा चेंडू ओळखणं वेगळं. ते लहानपणी डोळ्यांत बसलं नाही तर तिशीत बसत नाही.

म्हणून भाच्याचं असं करा. नववीत एक खेळ सोडायची गरज नाही. चढाईतून परत फिरायची चपळाई क्षेत्ररक्षणात उपयोगी पडते, आणि लांबून येणाऱ्या चेंडूवरची नजर कबड्डीतही वाया जात नाही. पण एका दिवशी दोन्ही नको. गुडघ्याला सूज आली तर त्या आठवड्यात दोन्ही बंद, मग सामना कुणाचाही असो.

कागदपत्रांकडे आत्तापासून लक्ष द्या. दहावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर मिळतं. गावच्या टेनिस बॉल स्पर्धेची ढाल कितीही मोठी असली तरी तिथे चालत नाही. तेव्हा शालेय कबड्डीचे जिल्हा आणि विभागाचे सामने त्याने चुकवू नयेत, आणि त्या तारखेला कुणी लीगसाठी गाडी पाठवली तर ती तशीच परत जाऊ द्यावी. नाव नोंदवायची मुदत शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला आधीच विचारून घ्या, पावसाळ्यातच ती निघून जाते.