फोटोंची तारीख, फोटोंची नावे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : २००८ पासूनचे सुमारे ४० हजार फोटो दोन जुने फोन, लॅपटॉप, तीन पेनड्राइव्ह आणि काही सीडींवर विखुरलेले आहेत. सुरुवात कोठून करावी? (नाशिक)

उत्तर : फोटो क्रमाने लावण्याच्या आधी गोळाबेरीज करावी. एक बाह्य हार्डडिस्क घेऊन तीवर प्रत्येक उपकरणाच्या नावाचे स्वतंत्र फोल्डर करावे आणि त्यात सर्व काही जसेच्या तसे उतरवून घ्यावे. सीडी सर्वांत आधी उतरवाव्यात, कारण घरी लिहिलेल्या सीडीतील रंगद्रव्याचा थर काळानुसार खराब होतो. या साठ्याची दुसऱ्या डिस्कवर प्रत होईपर्यंत एकही फोटो पुसू नये.

त्यानंतर वर्षाचे फोल्डर आणि त्यात प्रसंगाचे फोल्डर, एवढी रचना पुरते. प्रसंगाचे नाव ‘२०१४-०५-१७ मुंज सांगली’ असे, म्हणजे वर्ष आधी, मग महिना, शेवटी दिवस अशा क्रमाने लिहिले की संगणक नावांचा क्रम लावताना काळाचाच क्रम लावतो. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिल्यास सगळ्या वर्षांच्या १७ तारखा एका ठिकाणी जमतात. ‘सहली’, ‘वाढदिवस’, ‘आई’ अशी विषयवार फोल्डरे मात्र करू नयेत. महाबळेश्वरला साजरा झालेला आईचा वाढदिवस तिघांपैकी कोठे ठेवायचा, या प्रश्नावर अनेकांची आवराआवर कायमची थांबलेली मी पाहिली आहे. फोटो एकाच फोल्डरात राहतो. विषयाच्या खुणा, म्हणजे टॅग, त्याला हव्या तितक्या जोडता येतात.

प्रश्न : फोटो नव्या संगणकावर उतरवल्यावर सगळ्यांवर गेल्या महिन्याची तारीख दिसते. जुन्या तारखा गेल्या का? (कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक गेलेल्या नाहीत. फाइल या डिस्कवर कधी तयार झाली ही एक तारीख आणि फोटो कधी घेतला ही दुसरी. पहिली फाइल उतरवताना बदलू शकते. दुसरी कॅमेऱ्याने फोटोच्या आतच, एक्झिफ नावाच्या नोंदीत, लिहिलेली असते. त्यामुळे क्रम लावताना ‘घेतल्याची तारीख’ हा रकाना निवडावा. एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम ही नोंद वाचून हजारो फाइलींना तारखेनुसार नावे देऊ शकतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रांची गोष्ट वेगळी आहे. तेथे चित्र लहान होते आणि ही नोंदही गळून पडते. अँड्रॉइड फोनवर अशा फाइलीच्या नावात आठ आकडी तारीख असते, पण ती फोटो पाठवल्या-मिळाल्याची असते. फोटो त्या दिवशी किंवा त्यापूर्वी घेतला, एवढेच तिच्यावरून म्हणता येते. ज्या नातेवाइकाने मूळ फोटो काढला असेल त्यांच्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते.

कॅमेऱ्याचे घड्याळच चुकीचे असेल तर सर्व फोटोंची वेळ सारख्याच फरकाने चुकलेली असते, म्हणून एका फोटोची खरी वेळ कळली की बाकीचे एकदम सरकवता येतात. लग्नाच्या फोटोंसाठी अंतरपाट दूर होतानाचा फोटो घ्यावा आणि पत्रिकेतला मुहूर्त पाहावा. मुहूर्त टळला होता का, हे मात्र घरच्यांनाच विचारावे लागेल.

प्रश्न : एकच फोटो चार-चार ठिकाणी आहे. जादा प्रती कशा काढाव्यात? (सोलापूर)

उत्तर : तंतोतंत सारख्या फाइली संगणक खात्रीने ओळखतो आणि त्यांतील जादा प्रती निर्धास्त काढाव्यात. ‘सारख्या दिसणाऱ्या’ फोटोंचा निर्णय मात्र सॉफ्टवेअरवर सोपवू नये. डिजिकॅम या मोफत प्रोग्राममध्ये असे गट समोर मांडले जातात. त्यांतून जास्त पिक्सेलचा आणि एक्झिफ नोंद शाबूत असलेला फोटो ठेवावा. एकाच क्षणाचे दहा फोटो असतील तर निवड नंतर, एका वेळी एकच वर्ष घेऊन करावी.

प्रश्न : सर्व फोटो गूगल फोटोजवर आहेत. एवढे पुरेसे आहे का? (ठाणे)

उत्तर : नाही. फोनवर पुसलेला फोटो तेथूनही पुसला जाऊ शकतो, म्हणून एक प्रत आपल्या डिस्कवर आणि शक्यतो एक दुसऱ्या घरी असावी. शिवाय १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो सामान्यतः १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात. साठा टेकआउटने, म्हणजे आपला साठा उतरवून घेण्याच्या गूगलच्या सोयीने, उतरवल्यास तेथे लिहिलेली वर्णने वेगळ्या, जेसन (.json) प्रकारच्या फाइलींत मिळतात. त्या टाकून देऊ नयेत.

प्रश्न : आजी ८६ वर्षांच्या आहेत आणि घरात तीन जुने अल्बम आहेत. स्कॅनर कोणता घ्यावा? (रत्नागिरी)

उत्तर : स्कॅनर पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. आधी अल्बम घेऊन आजींजवळ बसा, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवा आणि प्रत्येक फोटोचा पान-क्रमांक मोठ्याने सांगून त्यांना बोलू द्या. स्त्रियांची माहेरची व सासरची दोन्ही नावे विचारून घ्यावीत. अन्यथा पुढच्या पिढीला ‘कुसुम’ आणि ‘सुमती’ या एकच व्यक्ती असल्याचा पत्ता लागत नाही.

नंतर चार बाय सहा इंची फोटो ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केल्यास २४०० बाय ३६०० पिक्सेलचे चित्र मिळते, ते घरगुती गरजेला पुरेसे आहे. मागील बाजूस मजकूर असेल तर तीही स्कॅन करावी. चिकट पानांवरचे फोटो ओढून काढू नयेत, पानासकट स्कॅन करावेत. पावसाळी दमट हवेत फोटो एकमेकांना चिकटतात, म्हणून हे काम कोरड्या दिवसांत उरकावे.

स्कॅन केलेल्या फाइलीवर आजची तारीख पडते. खरे वर्ष अंदाजे असल्यास नोंदीत खोटा दिवस-महिना भरण्याऐवजी फाइलीच्या नावात ‘१९६२ सुमारे’ असे लिहावे. माणसांची नावे फोटोच्या वर्णनाच्या रकान्यात देवनागरीत लिहिता येतात. मात्र शंभर फोटोंना लिहिण्यापूर्वी एकाला लिहून तो दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहावा, म्हणजे अक्षरे नीट उमटतात की नाही ते कळेल.