अकरा फंडांची यादी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाबरोबर तू माझ्या हातात जो कागद कोंबलास, तो काल रात्री उलगडला. अकरा ईटीएफ (शेअरबाजारात शेअरसारखे विकत घेता येणारे फंड), प्रत्येकासमोर मागच्या पाच वर्षांचा परतावा, काहींपुढे हिरवी खूण आणि खाली तुझ्या अक्षरात, 'काकू, ग्रोथ की डिव्हिडंड?' यांनी चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणाले, "याला लग्नातल्या पंगतीसारखं सगळं थोडं थोडं पानात हवंय."

मी काही परवानाधारक सल्लागार नाही. पगारपत्रकं करण्यात माझं आयुष्य गेलं. पण इथे कॅनडात 1988 साली आल्यापासून पैशाच्या ज्या चुका करता येतात त्या बहुतेक करून झाल्यात, तेवढ्या अधिकारावर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे, तुझा प्रश्न तू नाशिकहून सामानात घालून आणलायस. तिकडे म्युच्युअल फंडाचा फॉर्म भरताना खरंच असे दोन चौकोन असायचे, ग्रोथ आणि डिव्हिडंड, म्हणजे लाभांश. फंड तोच, शेअर तेच. फक्त पैसे आत ठेवायचे की अधूनमधून हातात घ्यायचे, एवढाच फरक. लोक त्या डिव्हिडंडला वरकमाई समजायचे, म्हणून सेबीने (तिकडच्या बाजार नियामकाने) एप्रिल 2021 पासून त्या पर्यायाचं नावच बदलून टाकलं. नव्या लांबलचक नावात 'कॅपिटल विथड्रॉवल' हे शब्द आहेत, म्हणजे तुझ्याच भांडवलातले पैसे तुला परत मिळू शकतात, हे नावातच सांगून टाकलं. मला ते फार आवडलं होतं.

कॅनडात हे दोन चौकोन नाहीत. इथे डिव्हिडंड ईटीएफ म्हणजे वेगळ्याच कंपन्यांची टोपली. आणि ग्रोथ या शब्दाचे तर दोन अर्थ आहेत, तिथेच तू अडकलायस. तुझ्या यादीत व्हीग्रो हा फंड आहे. त्याच्या नावात ग्रोथ आहे म्हणून तू त्याला नॅसडॅक या अमेरिकी शेअरबाजाराच्या फंडाशेजारी बसवलंस. पण व्हीग्रो म्हणजे साधारण 80 टक्के जगभरचे शेअर आणि 20 टक्के रोखे. तिथे ग्रोथ हा शब्द जोखमीची पायरी सांगतो, शेअरची जात नाही. नॅसडॅक 100 वाला फंड म्हणजे मूठभर मोठ्या अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांवर झुकलेली टोपली. दोघांची तुलना म्हणजे वरणभात आणि ठेचा यांतलं पौष्टिक काय, असं विचारण्यासारखं.

आता डिव्हिडंडकडे येते, कारण तुझा जीव तिथे अडकलाय हे हिरव्या खुणांवरून दिसतंच आहे. आपल्याकडे घरोघरी एफडीचं व्याज हा पैशाचा पहिला धडा असतो. मुद्दल जागच्या जागी आणि व्याज वर. म्हणून लाभांश आला की आपल्याला वाटतं, मुद्दल शाबूत आहे. तसं नसतं. 30 डॉलरच्या युनिटवर 30 सेंट वाटले की त्या दिवशी युनिटची किंमत तेवढ्याने खाली सरकते. बाजाराच्या बाकीच्या चढउतारात ते डोळ्यांना दिसत नाही, इतकंच. डाव्या खिशातून उजव्या खिशात.

हे मला समजायला किती वर्षं लागली ऐक. 2006 मध्ये इथे इन्कम ट्रस्टचं, म्हणजे धंद्याचा बहुतेक नफा वाटून टाकणाऱ्या संस्थांचं, वेड होतं. दरमहा पैसे, दहा-दहा टक्क्यांपर्यंत. मी ट्रस्ट कोणत्या धंद्यात आहे हे न वाचता केवळ टक्का बघून घेतले. मग 31 ऑक्टोबरला, मुलं हॅलोवीनचं चॉकलेट मागत दारोदार हिंडत असताना, बाजार बंद झाल्यावर अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की ट्रस्टवर आता कंपन्यांसारखा कर लागणार. जुन्यांना 2011 पर्यंत मुदत होती, पण बाजार मुदतीची वाट पाहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा टक्का होता तिथेच होता, मुद्दल मात्र तेवढं उरलं नव्हतं. हावरटपणा माझाच, दुसऱ्या कोणाला बोल लावत नाही. पण तेव्हापासून कोणी मला फक्त यील्ड (भावाच्या किती टक्के लाभांश मिळतो ते) सांगितली की मी विचारते, ती एवढी मोठी का आहे? कित्येकदा लाभांश वाढलेला नसतो, भाव पडलेला असतो. बीसीईचंच बघ. टेलिफोन कंपनी, निवृत्त माणसांची लाडकी. मे 2025 मध्ये तिने वर्षाचा लाभांश 3.99 डॉलरवरून 1.75 वर आणला. त्याआधी काही महिने तिची यील्ड दोन आकडी दिसत होती आणि लोक तिला स्वस्त म्हणत होते.

फंडात एका कंपनीचा असा दगा पचतो, हे खरं. पण फंड उघडून बघ. तुझ्या यादीतल्या व्हीडीवाय या कॅनडाच्या डिव्हिडंड फंडात निम्म्याहून जास्त पैसा बँका आणि वित्तीय कंपन्यांत आहे, उरलेल्यातला मोठा वाटा तेल आणि पाइपलाइनचा. एक्सईआय हा तसाच दुसरा फंड, त्यात एका क्षेत्राला आणि एका कंपनीला मर्यादा घातलेली आहे, म्हणून तो थोडा पसरलेला. सीडीझेड या तिसऱ्या डिव्हिडंड फंडातले 'ॲरिस्टोक्रॅट' (खानदानी) म्हणजे सलग पाच वर्षं लाभांश वाढवणाऱ्या कंपन्या. अमेरिकेत त्याच नावाला 25 वर्षं लागतात. खानदानीपणाची अट इथे जरा सैल आहे म्हणायची. तू स्वतः बँकेच्या आयटीत नोकरी करतोस. घर घेशील ते इथेच ब्रॅम्प्टनमध्ये, कर्ज काढशील तेही अशाच एखाद्या बँकेकडून. पगार, घर, कर्ज आणि वर गुंतवणूकही कॅनडाच्या बँकांवर? जगाच्या शेअरबाजारात कॅनडाचा वाटा तीनेक टक्केच आहे.

ग्रोथवाल्यांनीही फार हसू नये. 2000 साली नॉर्टेल ही दूरसंचार यंत्रं बनवणारी एकटी कंपनी टोरंटोच्या निर्देशांकाचा एक तृतीयांशाहून मोठा भाग झाली होती. शेअर 124 डॉलरच्या वर. आमच्या कँटीनमध्ये जेवणाचे डबे उघडण्याआधी भाव विचारले जायचे. 2002 मध्ये तो एका डॉलरच्याही खाली आला आणि जानेवारी 2009 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक मार्च 2000 मध्ये जिथे पोचला होता तिथे परत यायला 2015 उजाडलं. पंधरा वर्षं! तुझ्या कागदावरच्या 'मागची पाच वर्षं' या रकान्यात यातलं काही मावत नाही.

आणि तुझे अकरा फंड खरं तर अकरा नाहीतच. व्हीडीवाय, एक्सईआय, एक्सआययू (कॅनडाच्या मोठ्या कंपन्यांचा फंड), तिन्हींत रॉयल बँक आहे. व्हीएफव्ही (अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांचा), नॅसडॅकवाला आणि एक्सईक्यूटी (जगभरच्या शेअरचा), तिन्हींत ॲपल नि मायक्रोसॉफ्ट. एकच भाजी तीन वाट्यांत वाढून घेतली म्हणून पंगत होत नाही.

यादीतला शेवटचा, तो कव्हर्ड कॉलवाला, मी पेन्सिलने खोडलाय. त्याची मोठी मासिक रक्कम येते कुठून माहीत आहे? समज, तू तुझ्या फ्लॅटवर दरमहा कोणाकडून तरी विसार घेतोस आणि बदल्यात त्याला हक्क देतोस की भाव वाढला तर ठरल्या किमतीला फ्लॅट त्याचा. भाव पडला तर फ्लॅट तुझ्याच गळ्यात. विसाराची रक्कम तुझी, हे बरोबर. पण वाढीचा मोठा भाग विकलास. हा फंड आपल्याकडच्या शेअरवर हेच करतो. तिशीतल्या माणसाने वाढ विकून खर्चाला पैसे का घ्यावेत?

आता ज्यावर खरं डोकं लावायचं ते. कोणता फंड, याआधी कोणत्या खात्यात? हा प्रश्न तुझ्या कागदावर कुठेच नव्हता.

तू सप्टेंबर 2023 मध्ये उतरलास. टीएफएसए (ज्यातल्या वाढीवर कर नाही असं इथलं बचत-गुंतवणूक खातं) 2009 पासून आहे, म्हणून ऑफिसातला कोणीतरी तुला लाखभर डॉलर टाकायची जागा आहे सांगेल. ती इथे तेव्हापासून राहणाऱ्याला. तुझी जागा तू इथला रहिवासी झालास त्या वर्षापासून मोजायची, मात्र ते वर्ष पूर्ण धरतात. 2023 चे 6,500, मग 2024, 2025 आणि 2026 चे प्रत्येकी 7,000. एकूण 27,500. त्याहून जास्त टाकलेस तर वरच्या रकमेवर दरमहा एक टक्का दंड. आणि यातून काढलेले पैसे त्याच वर्षी परत टाकू नकोस, ती जागा पुढच्या जानेवारीत मोकळी होते. ही चूक आमच्या ओळखीत दोघांनी केली आहे.

टीएफएसएत वाढ करमुक्त, लाभांश करमुक्त, पण एक गळती आहे. अमेरिकी कंपन्यांच्या लाभांशातून 15 टक्के अमेरिका आधीच कापून घेते आणि टीएफएसएत ते परत मिळत नाहीत. व्हीएफव्हीसारख्या फंडाचा लाभांश मुळातच कमी, त्यामुळे शंभर डॉलरमागे वर्षाला वीसेक सेंट जातात, सोसवेल. पण अमेरिकी 'हाय डिव्हिडंड' फंड तिथे ठेवलास तर मुद्दाम जास्त कापून घेतल्यासारखं. आरआरएसपीत (निवृत्तीसाठीच्या खात्यात) अमेरिकेच्या बाजारावर नोंदलेला ईटीएफ थेट घेतला तर ही कपात होत नाही, मात्र त्यासाठी कॅनडाचे डॉलर अमेरिकी डॉलरमध्ये बदलावे लागतात आणि ब्रोकर त्यात हात मारतो. तुझ्याएवढ्या रकमेला ते उपद्व्याप नकोत.

कॅनडाच्या कंपन्यांच्या लाभांशाला करात सवलत आहे आणि लोक त्याच्या कथा रंगवून सांगतात. कथा खरी आहे, पण ती साध्या, नोंदणी नसलेल्या खात्यापुरती. टीएफएसएत आणि आरआरएसपीत त्या सवलतीचा काही उपयोग नाही. शिवाय त्यात एक मेख आहे. विवरणपत्रात 100 डॉलरचा लाभांश 138 म्हणून दाखवावा लागतो, मग त्यावर क्रेडिट मिळतं. कर कमी होतो, पण कागदोपत्री उत्पन्न फुगतं. मे महिन्यात तुमच्याकडे पाळणा हलणार आहे. कॅनडा चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठी सरकार देतं तो भत्ता) याच फुगलेल्या आकड्यावर ठरतो, आकडा वाढला की भत्ता घटतो. तेव्हा टीएफएसए भरेपर्यंत साध्या खात्याकडे बघूही नकोस.

घराचे पैसे मात्र यातल्या कशातच नकोत. तीन-चार वर्षांत टाउनहाउस घ्यायचं म्हणतोस, तर एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं खातं) आजच उघड. वर्षाला 8,000, एकूण 40,000. भरताना आरआरएसपीसारखी वजावट आणि पहिल्या घरासाठी काढताना कर नाही. पण त्याच्या आत ना ग्रोथ ना डिव्हिडंड. सरळ जीआयसी, म्हणजे आपली एफडीच. आईला फोनवर सांगशील तेव्हा तिलाही बरं वाटेल.

उरलेल्या, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांच्या पैशासाठी मी तुझ्या जागी असते तर एकच फंड घेतला असता. एक्सईक्यूटी किंवा व्हीईक्यूटी, दोन्हींत जगभरचे शेअर, साधारण पंचेचाळीस टक्के अमेरिका, पंचवीस-तीस टक्के कॅनडा, बाकी सगळं जग. त्यात ग्रोथही आली, लाभांश देणाऱ्या बँकाही आल्या. पडझडीत पोटात गोळा येत असेल तर व्हीग्रो. आला आहे का कधी? तू अजून मोठी पडझड स्वतःच्या पैशाने पाहिलेली नाहीस, म्हणून विचारते. 2022 साली नॅसडॅक 100 जवळजवळ एक तृतीयांश पडला होता, तेव्हा तू पुण्यात पीजीवर राहत होतास.

खर्च बघ म्हणजे झालं. जगातला पहिला टिकलेला ईटीएफ 1990 मध्ये आपल्या टोरंटोच्या बाजारात आला. आम्ही इथेच होतो, आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही दोन टक्क्यांहून जास्त खर्चाचे म्युच्युअल फंड घेऊन बसलो होतो आणि दिवाळीला ते विकणाऱ्या माणसाला चिवडा नेऊन द्यायचो. हिशेब करून बघ. 50,000 डॉलर, 25 वर्षं, खर्चाआधी 6 टक्के वाढ धर. वर्षाला 0.2 टक्के खर्च असेल तर सुमारे 2,05,000 होतात, 2.2 टक्के असेल तर 1,27,000. फार महाग चिवडा होता तो.

एवढं वाचून हे नाराज झाले आहेत, कारण यांच्याकडे व्हीडीवाय आहे. दर महिन्याला पैसे येतात, हे वहीत लिहितात, आणि 2022 च्या पडझडीत यांनी एकदाही भाव पाहिला नाही की काही विकलं नाही. हे मला मान्य करावं लागतं. माणूस टिकून राहिला तर थोडं कमी मिळालं तरी चालतं. पण हे शहात्तर वर्षांचे आहेत आणि ते पैसे किराण्याला लागतात. तुला हौसच असेल तर दहातला एक डॉलर व्हीडीवायमध्ये टाक आणि लाभांश आपोआप परत गुंतवायला लाव.

रविवारी दुपारी जेवायला या दोघं. येताना सीआरएच्या (इथल्या कर खात्याच्या) माय अकाउंटवरचा टीएफएसएचा आकडा लिहून आण, आणि तू स्वतः कधी किती टाकलेस तेही. तिथला आकडा वर्षाच्या सुरुवातीचे काही महिने जुनाच दिसतो, बँकांची माहिती उशिरा पोचते, तेव्हा तुझ्या वहीवरच जास्त भरवसा ठेवू. आणि भारतात राहिलेल्या फंडांची, ठेवींची तू इथे उतरलास त्या दिवशीची किंमतही काढून ठेव. इथल्या पैशात सगळी मिळून एक लाखाच्या वर असेल तर इथे वेगळा फॉर्म भरावा लागतो. मागच्या वेळचा पुरणपोळीचा डबा अजून तुझ्याकडेच आहे.

तुझी,
काकू