सीलंटची नळी निवडण्याआधी प्लास्टिक ओळखा

प्रश्न : गंगापूर धरणावर आमची फायबरची छोटी शिडाची होडी आहे. डेकवरच्या गोल झाकणाच्या प्लास्टिक रिंगखालून पाणी झिरपतं. थिनरनं पुसून पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, भरलं, तर आता स्क्रूंच्या भोकांभोवती बारीक तडे दिसतायत. (सातपूर)

उत्तर : तडे थिनरचेच असणार. अशा रिंगा बऱ्याचदा एबीएस या कडक प्लास्टिकच्या असतात आणि थिनर, ॲसिटोन एबीएसला खातात. स्क्रू आवळलेल्या जागी ताण आधीच असतो, तिथूनच ते फाटतं. ही रिंग आता बदलाच, तडे सीलंटनं बुजत नाहीत.

नवी रिंग उलटी करून पाहा. मागे बारीक अक्षरांत एबीएस, पीसी (पॉलीकार्बोनेट) किंवा पीपी (पॉलीप्रॉपिलीन) असं बहुधा कोरलेलं असतं. सीलंट त्यावरून ठरवायचं, दुकानदार हातात देईल त्यावरून नाही. रिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. ॲसिटोन वापरायचंच असेल तर फक्त फायबरवर, रिंग जवळ नसताना. डेकच्या भोकांची वरची कड मोठ्या ड्रिल बिटनं हातानंच फिरवून किंचित उतरती करा, म्हणजे प्रत्येक स्क्रूभोवती सीलंटचं कडं बसतं. यातच अर्धं काम होतं, आणि हेच लोक टाळतात. इथे मी ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबराची पट्टी, वापरेन. ती कडक होत नाही आणि पुढे रिंग सहज निघते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. कडेनं सगळीकडून सारखी टेप बाहेर आली की थांबा. ताकद लावून सगळी पिळून काढलीत तर आत उरणार काय?

प्रश्न : बोट मांडव्याला असते. केबिनच्या ॲक्रिलिक खिडक्या पुन्हा बसवायच्या आहेत. ओळखीचे सुतार म्हणतात पॉलीसल्फाइड सीलंटच वापरा. (गंगापूर रोड)

उत्तर : लाकूड आणि पितळ-काशासाठी सुतारदादांचं बरोबर आहे, तिथे पॉलीसल्फाइड वर्षानुवर्षं टिकतं. पण ॲक्रिलिक, पॉलीकार्बोनेट, एबीएस आणि पीव्हीसीला ते लावू नका. त्यातल्या द्रावकांनी ही प्लास्टिकं ठिसूळ होतात, मग तडकतात. खिडकीला न्यूट्रल क्युअर, म्हणजे धरताना आम्ल न सोडणारं, सिलिकॉन घ्या. हार्डवेअरमध्ये मिळणारं, व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन नको. त्यातून सुटणारं आम्ल धातूला आणि पॉलीकार्बोनेटला बाधतं.

आता जागा सोडण्याबद्दल. एक मीटर लांबीचं ॲक्रिलिक दर 10 अंशाला साधारण 0.7 मिलिमीटर वाढतं. पहाटे 15 आणि भर उन्हात 55 अंश धरले, तर जवळजवळ 3 मिलिमीटर! फायबर त्याच्या निम्म्यानंही वाढत नाही. म्हणून ॲक्रिलिकची भोकं बोल्टपेक्षा मोठी ठेवा आणि सीलंटचा थर जाड, 3 मिलिमीटरच्या आसपास. सीलंट पूर्ण धरल्यावरच शेवटचा पीळ द्या, तोही नट फिरवून. बोल्ट फिरवला की त्याच्याभोवतीचं सील तुटतं. सीलंट भरण्याआधी कडेनं मास्किंग टेप न विसरता लावा. सिलिकॉन जिथे पसरेल तिथे पुढे रंग धरत नाही, दुसरं सीलंटही नाही.

प्रश्न : पाण्याखालच्या प्लास्टिक थ्रू-हलला (बोटीच्या तळातून आरपार जाणाऱ्या नळीच्या फिटिंगला) सर्वांत चिवट पीयू लावू का? (अंबड)

उत्तर : आधी फिटिंग काचतंतू घातलेल्या नायलॉनचं, बोटीसाठीच बनवलेलं आहे ना ते बघा. नळकामाचं साधं पीव्हीसी पाण्याखाली अजिबात नको. या नायलॉनला पॉलीयुरेथेन आणि पॉलीसल्फाइड दोन्ही चालतात. ब्यूटाइल मात्र पाण्याखाली नको. कायमचं चिकटणारं पीयू लावलं तर फिटिंग बदलताना ते तुटतं, कधी फायबरचा पापुद्राही घेऊन येतं. म्हणून पुढे काढता येईल असं मध्यम ताकदीचं घ्या. पीयू हवेतल्या दमटपणावर धरतं; नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो. नळीवर दिलेल्या वेळेपेक्षा दोन-चार दिवस जास्तच द्या.

प्रश्न : सुकाणूजवळच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला काहीच चिकटत नाही. (नाशिक रोड)

उत्तर : त्याचा एक छिलका धरणाच्या पाण्यात टाका. तरंगला तर पॉलीइथिलीन किंवा पॉलीप्रॉपिलीन. त्याला सीलंट धरत नाही. आरपार बोल्ट, मोठे वॉशर आणि मध्ये ब्यूटाइल किंवा रबरी गॅस्केट दाबून बसवा.