जीएच चढतो, केएच उतरतो : एकाच पाण्यात असे कसे?

प्रश्न : माझ्या ६० लिटरच्या टाकीत गप्पी आणि मॉली हे शोभेचे मासे आहेत. पाणी मी बदलत नाही. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी नळाचे पाणी भरतो. थेंबांच्या चाचणीत नळाच्या पाण्याचा जीएच (एकूण कठीणपणा) ९ अंश आणि केएच (कार्बोनेट कठीणपणा) ५ अंश आला, टाकीचा मात्र जीएच १६ आणि केएच २. किट बिघडले असेल का?

उत्तर : किटवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. आपण दोन्ही पाणी तपासलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्या फरकातच आहे. जीएच हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे माप आहे. पाणी उडते तेव्हा हे क्षार टाकीतच राहतात आणि प्रत्येक भरणीबरोबर त्यांत नव्यांची भर पडते. केएच हे मुख्यतः बायकार्बोनेटचे, म्हणजे आम्ल पचवण्याच्या क्षमतेचे माप आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणाऱ्या अमोनियाचे फिल्टरमधील जिवाणू नायट्रेट करतात, तेव्हा आम्ल तयार होते आणि ते बायकार्बोनेट खाऊन टाकते. म्हणून नळातून येणारा केएच टिकत नाही.

जीएच १६ गप्पी-मॉलींना सोसतो. चिंता केएचची आहे, कारण तो संपला की पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया कमी विषारी अशा अमोनियमच्या रूपात साचतो. अशा वेळी एकदम अर्धी टाकी बदलली, तर पीएच चढून त्याचेच विषारी अमोनियात रूपांतर होते आणि पाणी बदलल्यावर मासे दगावतात. म्हणून आधी पीएच आणि अमोनिया तपासावा. नंतर क्लोरीन काढलेले नळाचे पाणी वापरून दर दोन-तीन दिवसांनी दहा टक्केच पाणी बदलावे. उडालेल्या पाण्याची भरपाई यापुढे आरओच्या पाण्याने करावी.

केएच इतका कमी असताना एका थेंबाची चूकही मोठी ठरते. बहुतेक किटमध्ये ५ मिलिलिटर पाण्याला एक थेंब म्हणजे एक अंश, सुमारे १८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. १० मिलिलिटर पाणी घेतल्यास एक थेंब अर्धा अंश दाखवतो. प्रत्येक थेंबानंतर नळी हलवून पांढऱ्या कागदासमोर धरावी आणि निळा रंग पूर्ण पिवळा झाला, तो थेंब शेवटचा मोजावा. टीडीएस मीटर इथे उपयोगाचा नाही. तो सर्वच विरघळलेले क्षार एकत्र दाखवतो, कॅल्शियम वेगळे आणि बायकार्बोनेट वेगळे ओळखत नाही.